एकटीची होडी

मला समुद्रावर एकटीची होडी हवी होती आणि ती मी स्वतःच्याच तोंडाने घालवली. भर दिवसा, धक्क्यावर उभी राहून, हसतमुखाने.

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं चिमुकलं बंदर होतं ते. समोर बेटंच बेटं, काही हिरवी, काही नुसता काळा खडक. आम्ही सहा-सात जण कयाकच्या सहलीला जमलो होतो. कयाक म्हणजे शेवग्याच्या शेंगेसारखी लांब, अरुंद होडी. तिच्यात पाय पसरून बसायचं, कमरेला एक रबरी परकर बांधायचा आणि त्याचा घेर होडीच्या तोंडावर ताणून बसवायचा. मग लाटा वरून निघून जातात आणि आपण आत कोरडे. हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं. दिवसभर वल्हवायचं, संध्याकाळी जिथे माणूस राहत नाही अशा बेटाच्या वाळूवर तंबू ठोकायचा, सकाळी उठून पुढचं बेट. माझं वय सत्तरीच्या पुढे, गुडघे कुरकुरणारे, आणि सोबतीला इंग्लंडात बेसिंगस्टोकला कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी करणारी नात. निघताना हे म्हणाले होते, "अगं, या वयात लोक क्रूझला जातात. तिथे बुफे असतो."

"तुम्ही जा बुफेला," मी म्हटलं, "मी बेटांना जाते."

तर धक्क्यावर होड्या ओळीने मांडल्या होत्या. सगळ्या एकेकट्याच्या आणि शेवटी एक जोडहोडी, दोघांनी बसायची. आमची गाइड चाळिशीची, उन्हाने नाक सोललेली स्कॉटिश बाई. तिने सगळ्यांकडे बघितलं आणि मला विचारलं, "तुम्हाला सिंगल हवी आहे का?"

मी म्हटलं, "नको नको, आधी बाकीच्यांना घेऊ दे."

"लव्हली," ती म्हणाली आणि माझ्या पिशव्या उचलून जोडहोडीत कोंबायला लागली.

या संवादात काय राहिलं ते कुठल्याही मराठी माणसाला सांगायला नको. आग्रह राहिला. माझ्या 'नको नको'वर तिने "अहो, घ्या हो, असं काय करता?" म्हणायचं होतं. मी "खरंच नको" म्हणणार होते. मग तिने वल्हं माझ्या हातात कोंबायचं आणि मी "तुम्ही काही ऐकायच्या नाही" असं पुटपुटत, अगदी नाइलाजाने, माझ्या हौसेच्या होडीत जाऊन बसायचं. आमच्याकडे श्रीखंडाची दुसरी वाटी अशीच घेतात. पहिल्या विचारण्याला जो हो म्हणतो तो हावरट. आणि पहिल्या नकारावर जो वाटी परत नेतो त्याला तर माणूसच म्हणत नाहीत.

गाइडने वाटी परत नेली.

नात बाजूला येऊन कुजबुजली, "आजी, तू असं का केलंस? दोन वर्षं तू सिंगल, सिंगल करत होतीस."

"तिने परत विचारलंच नाही."

"तू नाही म्हणालीस ना. ती परत कशाला विचारणार?"

हिचा जन्म इथला, हिच्या आईचाही जन्म इथला. या दोघींना 'नाही'चा अर्थ नाही असाच कळतो. बिचाऱ्यांचं आयुष्य सोपं आहे.

दोन वर्षं हे खरंच. निवृत्त झाल्यावर घरात बसून मी सुडोकू सोडवत होते. कंटाळून एकदा लंडनला, आमच्या हॅरोजवळच्या तलावावर बायकांच्या कयाकच्या वर्गाला गेले आणि पहिल्याच दिवशी होडीसकट उलटून पाण्यात गेले. नाकातोंडात हिरवं पाणी, डोक्यावर शेवाळ. वर आले तेव्हा इतकी हसत होते की शिकवणारी घाबरली. मग उन्हाळ्यात तलाव, हिवाळ्यात व्यायामकेंद्राचा पोहण्याचा तलाव. हे गाडीत बसून पेपर वाचायचे आणि मधून मधून काचेतून बघायचे, बायको वर आहे की खाली. मी उलटून बाहेर कसं यायचं ते शिकले, परत होडीत कसं चढायचं ते शिकले, वारा बाजूने आला की कंबर कशी कलवायची ते शिकले. एवढं सगळं शिकले आणि दोन शब्दांत घालवलं.

पण हे दोन शब्द काही माझे नव्हेत. ते तिचे. ती म्हणजे तिशीही न गाठलेली, दोन वेण्या घालणारी, आठवड्याला केसांच्या तेलाची एक बाटली संपवणारी एक डॉक्टरीण, जी एका बॅगेत मेतकूट आणि दुसऱ्या बॅगेत भूलशास्त्राची पुस्तकं घेऊन या देशात उतरली. मी तिला ओळखते, नाकारता येत नाही, फोटो आहेत. लंडनच्या इल्फर्डला एका खोलीत राहायची. हॉस्पिटलातल्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशनं आटोपल्यावर सिस्टरने विचारलं, "टी, डॉक्टर?" ही म्हणाली, "नो नो, थँक यू." सिस्टर किटली घेऊन पुढे गेली. ही बाई तिथे तोंडाला कोरड पडून बसली, वाट बघत. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मग तिने घरी फोन करून आईला सांगितलं की इंग्रज लोक अतिशय कंजूष, एक कप चहाला महाग. आई म्हणाली, "बिचारे, युद्धात हाल झाले असतील त्यांचे." दोघींनी मिळून एका अख्ख्या राष्ट्राची कीव केली. सहा महिन्यांनी कुणीतरी न विचारताच हिच्यासमोर कप ठेवला, तेव्हा ही इतकी भारावली की डोळ्यांत पाणी. त्या सिस्टरला वाटलं, दूध नासलंय.

तिचं आणखी एक सांगते. वरिष्ठ डॉक्टरची जागा निघाली. साहेबांनी खोलीत बोलावून विचारलं, "तुम्ही अर्ज करणार का?" ही म्हणाली, "नाही सर, माझ्यापेक्षा लायक लोक आहेत." साहेब म्हणाले, "प्रामाणिकपणाबद्दल आभार," आणि दार उघडून धरलं. ती जागा ज्याला मिळाली, त्याला भूल द्यायची सुई कशी धरायची ते हिनेच शिकवलं होतं. मला पुढे ती जागा मिळाली, पण पुष्कळ वर्षं गेली मध्ये. ही मूर्ख मुलगी घरी येऊन पोळ्या लाटताना म्हणते, "त्यांनी जरा तरी आग्रह करायला हवा होता, नाही का?" हे काय म्हणणार, हेही तिथलेच. म्हणाले, "हो ना. रीतच नाही यांच्यात."

आता ती जोडहोडी. त्यात मागे बसणाऱ्याच्या पायाशी सुकाणूची पायटी असते, म्हणजे होडी कुठे जाणार ते तो ठरवतो. पुढे बसणाऱ्याने फक्त वल्हवायचं. माझ्या मागे आले एक निवृत्त बँक मॅनेजर. सभ्य, गुलाबी, एक खांदा दुखरा. बसल्या बसल्या म्हणाले, "तुम्ही फक्त लय धरा. बाकी सगळं मी बघतो."

हे वाक्य मी जन्मभर वेगवेगळ्या पुरुषांकडून ऐकलंय. पाण्यावर पहिल्यांदाच.

बाकी सगळं त्यांनी बघितलं. मला एखाद्या गुहेत डोकवावंसं वाटलं की आम्ही सरळ. सील दिसले, काळ्या खडकावर ढेऱ्या पसरून पडलेले, की आम्ही त्यांच्यापासून लांब, कारण यांना फोटोसाठी उजेड पाठीशी हवा. आणि बोलणं. त्यांच्या घरामागच्या काचेच्या खोलीचं छत गळतं. ते का गळतं, कोणी बांधलं, दुसऱ्याने काय सुचवलं. मी पुढे बसून दोन बेटं ओलांडली, तरी छत गळतच होतं. नात आपल्या पिवळ्या होडीतून कधी खडकांच्या फटीत शिरायची, कधी आमच्याभोवती गोल फिरायची. "आजी, आत इतकं हिरवं पाणी आहे," असं ओरडून सांगायची. मी मान वळवून बघायचे आणि लय धरायचे.

हवा मात्र आमच्यावर खूश होती. दुपारी ऊन, संध्याकाळी शिंपल्यांच्या चुऱ्याची पांढरी वाळू, आणि चावऱ्या चिलटांचे थवे, इतकंच काय ते दुःख. मी बरोबर थालीपिठाची भाजणी नेली होती. स्टोव्हवर थालीपिठं लावली आणि सगळ्यांना विचारलं, "आणखी एक?" जे हो म्हणाले त्यांना दिलं, जे नाही म्हणाले त्यांच्याही ताटात टाकलं. बँक मॅनेजरांनी नाही म्हणून तीन खाल्ली. त्यांना रीत कळायला लागली होती.

शेवटच्या आदल्या दिवशी जेवताना गाइडने नकाशा वाळूवर पसरला. "उद्या हवा अशीच राहिली तर बाहेरचं बेट," ती म्हणाली. त्या बेटाला गेलिक, म्हणजे तिथल्या जुन्या भाषेतलं, नाव आहे, ते मला अजून नीट म्हणता येत नाही, म्हणून आम्ही सगळे त्याला बाहेरचं बेटच म्हणत होतो. आतापर्यंतचं पाणी बेटांच्या आडोशाचं होतं. उद्याचं उघडं, अटलांटिकच्या बाजूचं. त्या बेटावर पोचलं की सहल संपली, तिथून होड्यांसकट फेरीबोटीने परत.

म्हणजे एकटीने समुद्र ओलांडायचा तर उद्याच. नाहीतर हॅरोला जाऊन तलावात गोल गोल.

सकाळी सगळे पॉरिज, म्हणजे ओटची लापशी, खात बसले होते. मी उभी राहिले आणि म्हटलं, "मला आज सिंगल हवी आहे."

'प्लीज' राहूनच गेलं. अशा वेळी इंग्रज माणसं जे करतात तेच सगळ्यांनी केलं, चहाच्या मगमध्ये बघितलं. बँक मॅनेजर म्हणाले, "माझ्याकडून काही चुकीचं बोललं गेलं का?"

"चुकीचं नाही, तुम्ही जास्त बोललात. पण त्यामुळे नाही. तुम्ही होडी छान चालवता. मला माझी चालवायची आहे."

ते मान डोलावून म्हणाले, "समजलं. बायकोही असंच म्हणते."

गाइड म्हणाली, "कुणालातरी बदलून घ्यावं लागेल."

नात म्हणाली, "माझी घे, आजी."

आणि आत्ता ती आली. दोन वेण्यांवाली. थेट माझ्या घशात येऊन बसली. 'अगं नको, तू तरुण, तुझी हौस आहे, तू सुट्टी काढून आलीस, माझं काय, मी जाईन तशीच.' वाक्य अगदी तयार, इस्त्री केलेलं. त्यावर नातीने 'नाही आजी, घेच' म्हणायचं, मी परत 'नको', असं तीनदा. पण माझी नात बेसिंगस्टोकची. ती म्हणाली असती, 'ओके, शुअर?' आणि विषय संपला असता. मी पॉरिजचा भलामोठा चमचा तोंडात घातला. गरम होता. गिळेपर्यंत बोलता येईना. गिळला आणि म्हटलं, "चालेल."

कुणालाच काही विशेष वाटलं नाही. नात पिवळ्या होडीतून आपली पाण्याची बाटली काढायलाही लागली होती. माझे मात्र कान गरम झाले होते, जणू मी भर पंगतीत उठून श्रीखंडाचं पातेलंच उचलून आणलं.

"एक अट आहे," गाइड म्हणाली. "आधी इथे किनाऱ्याजवळ पाण्यात पडून दाखवा, आणि परत चढून."

तलावात पडणं वेगळं. स्कॉटलंडचं पाणी उन्हाळ्यातही असं की मेंदू म्हणतो, मी निघतो. मी होडीत बसले, रबरी परकर ताणला, श्वास घेतला आणि उजवीकडे कलले. आम्ही दोघी, मी आणि ती दोन वेण्यांवाली, एकदमच. खाली सगळं हिरवं आणि नि:शब्द. परकराची दोरी खेचली, पाय सोडवले, वर आले. गाइडने तिची होडी आडवी लावून माझी घट्ट धरली. "मागून चढा, पोटावर," ती म्हणाली. मी पोटावर चढले, माशासारखी सरपटत गेले, वळले, पाय आत. माझ्या पोटाने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी उपयोगाचं काम केलं. वाळूवरून बँक मॅनेजर टाळ्या वाजवत होते, दुखरा खांदा विसरून.

"चला," गाइड म्हणाली, एवढंच. एवढंच पुरे होतं.

आणि मग आम्ही शेवटच्या खडकाला वळसा घालून बाहेर पडलो.

उघड्या समुद्राला लाटा नसतात, त्याला पाठ असते. लांबलचक, गुळगुळीत पाठ, ती सावकाश वर येते, तुम्हाला उचलते, सगळी बेटं दाखवते आणि खाली ठेवते. खाली असताना पुढच्या माणसाची नुसती टोपी दिसायची. वर आलं की अख्खं जग. पहिल्या दहा-बारा वेळा मी वल्हं घट्ट आवळलं, नंतर आवळायचं विसरले. ओहोटीचा ओघ आम्हाला उजवीकडे नेत होता. गाइडने सांगून ठेवलं होतं, "बेटाकडे बघू नका. डावीकडच्या तुटलेल्या कड्यावर होडीचं नाक ठेवा, बेट आपोआप समोर येईल." मी नाक ठेवलं. वारा डावीकडून यायचा, मी कंबर कलवायची, होडी वळायची. पायटी नाही, मागे कुणी नाही. मी जरा डावीकडे झुकले की सगळी होडी डावीकडे. आयुष्यभर ऑपरेशन थिएटरमध्ये दुसऱ्यांचे श्वास ऐकत उभी राहिले. त्या पाण्यावर माझा स्वतःचा ऐकू येत होता आणि तो अगदी ठीक चालला होता.

मधोमध कुठेतरी वारा वाढला. पाण्याच्या पाठीवर पांढरे फेस दिसायला लागले. गाइड माझ्या बाजूला आली. तिच्या कमरेला दोरी असते, दमलेल्या माणसाची होडी ओढायला.

"ओढू का तुम्हाला?"

"नको."

चार वल्ही झाली असतील. "नक्की? ओढायला मला काहीच नाही वाटणार."

"नको."

आणखी थोड्या वेळाने, "अगदी खरंच नको?"

मी वल्हं न थांबवता तिच्याकडे बघितलं. "तुम्ही तर एकदाच विचारता ना?"

"तुमच्या नातीने सांगितलंय, तुम्हाला तीनदा विचारावं लागतं."

मी इतक्या जोरात हसले की खारं पाणी तोंडात गेलं. एवढी वर्षं ज्या आग्रहासाठी मी या देशावर रुसले होते, तो अखेर झाला, रीतसर, तीन फेऱ्यांत, भर समुद्रात. आणि नेमका तेव्हा मला खरोखरच नको होता. "अगदी खरंच नको," मी म्हटलं आणि त्या कड्यावर परत नाक ठेवलं. हात भरून आले होते, खांदे सोलून निघाल्यासारखे झाले होते, आणि कुणी लाख दिले असते तरी ती दोरी मी लावून घेतली नसती.

बेट मोठं होत गेलं. आधी निळं, मग हिरवं, मग त्यावर मेंढ्या. कड्याच्या आत शिरलो तसा वारा पडला, पाणी सपाट झालं, तळाची वाळू दिसायला लागली. गाइड म्हणाली, "खाडीत आलो, आता ज्याने त्याने आपल्या चालीने या," आणि ती मागच्यांसाठी थांबली. मी थांबले नाही. पिवळ्या होडीचं नाक वाळूवर सर्रकन चढलं, तेव्हा माझ्या पुढे त्या वाळूवर कुणीच नव्हतं, फक्त एक मेंढी, आणि तिने माझ्याकडे बघून चरणं चालू ठेवलं.

पाय इतके आखडले होते की उठता येईना. मी तशीच बसले आणि मागे वळून बघितलं. जोडहोडी अजून खाडीच्या तोंडाशी होती. बँक मॅनेजर बहुतेक फोटो काढत होते. पुढे माझी नात, पाठीचा पोक काढून, लय धरून. तिने माझ्यासाठी आपली होडी दिली आणि एका शब्दाने कुरकुरली नाही, तेव्हाही आणि तेवढं पाणी ओलांडतानाही. मला वाटलं, वाळूवर उभं राहून हात हलवावा. आज्या हलवतात तसा.

मग म्हटलं, होडी माझ्याकडे आहे.

हातांनी वाळू ढकलली, होडी सरकली, नाक फिरवलं आणि मी परत निघाले. गाइड लांबून काहीतरी ओरडली. बहुधा 'कुठे चाललात' असं असावं. कान सत्तरीचे आहेत, ऐकू आलं नाही, आणि आलं असतं तरी मी तेच केलं असतं. जोडहोडीजवळ जाऊन मी तिच्याभोवती एक गोल फेरी मारली, मग उलट्या बाजूने दुसरी.

"आजी, तू परत का आलास?" नात दमून म्हणाली. दमली की तिचं मराठी असंच होतं.

"तुला घ्यायला. पाठ सरळ ठेव. आणि छताचं काय झालं?"

"अजून गळतंय," नात म्हणाली.

"आता दुसऱ्या सुताराला विचारणार आहे," मागून बँक मॅनेजर म्हणाले. मराठी न कळताही त्यांना विषय कळला होता.

मी त्यांच्या पुढे झाले आणि त्यांना वाळूची वाट दाखवत निघाले, खडकाच्या कडेकडेने, कारण नातीने सांगितलेलं फटीतलं हिरवं पाणी मला अजून बघायचं होतं.